कोठपर्यंत बरोबर झालें ?

गणिताच्या उत्तरपत्रिका तपासतांना अनुभवी शिक्षक केवळ उत्तर चुकलें म्हणून सबंध उदाहरणावर काट मारीत नाहीं. तो पहिल्या ओळीपासून बोट फिरवीत खालीं येतो, आणि जेथें पाऊल वांकडें पडलें तेथें खूण करितो. त्या खुणेच्या वरच्या कामाचे गुण विद्यार्थ्यास मिळतातच. पण त्याहून मोठा लाभ हा कीं, आपण कोठपर्यंत बरोबर होतों हें त्यास कळतें. संसारांतील बहुतेक बिघाडांस हीच रीत लागू पडते. परंतु यंत्र बंद पडलें कीं आपण ती विसरतों, आणि 'बिघडलें' या एका शब्दानें साऱ्याचा निकाल लावितों. गेल्या पावसाळ्यांत एका जुन्या लॅपटॉपाच्या निमित्तानें या रीतीचा जो पडताळा आला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

माझी भाची मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेचा अभ्यास करिते. घरची मिळकत बेताची. त्यांत मागील वर्षीं एका विषयांत ती अनुत्तीर्ण झाली. तेव्हांपासून 'आतां हें पुरें करावें' अशी कुजबुज घरांत सुरू झालेली, आणि तिलाहि तें हळूहळू पटूं लागलेलें. अशा स्थितींत, प्रकल्पाचें लेखन सादर करण्यास अवघे पंधरा दिवस उरले असतां, तिच्या लॅपटॉपाची हार्ड डिस्क निकामी झाली. झालेल्या लेखनाची प्रत मैत्रिणीकडे होती, एवढेंच सुदैव. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थानें यंत्र उलटसुलट करून पाहिलें आणि 'यांत आतां कांहीं राम राहिला नाहीं, नवा घ्या,' असा निर्णय दिला. नवा घेण्याची ऐपत असती तर प्रश्नच नव्हता.

मैत्रिणीनें उपाय सुचविला. हार्ड डिस्क नसली तरी लिनक्स नांवाची कार्यप्रणाली मेमरी कार्डावर भरून तेथूनच संगणक चालवितां येतो. या प्रणालीचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें प्रसिद्ध केला. पुढें देशोदेशींच्या असंख्य लोकांनीं त्यांत भर घातली, आणि आजहि तो विनामूल्य मिळतो व कोणासहि उघडून अभ्यासितां येतो. मैत्रिणीच्या संगणकावर असें एक कार्ड तयार झालें. ३२ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद, एवढीशी ती चकती! लॅपटॉपाच्या कडेला असलेल्या खांचेंत ती बसविली, कळ दाबली. आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : आरंभ करण्याजोगें साधन सांपडत नाहीं.

भाची म्हणाली, "मामा, तो माणूस म्हणाला तेंच खरें. जाऊं द्या आतां."

मीं म्हटलें, "पोरी, यंत्र कांहीं तरी बोललें आहे. जें बोलतें तें मेलेलें नव्हे. तें कोठपर्यंत गेलें, एवढें आधीं पाहूं."

येथें संगणक सुरू कसा होतो हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. या क्रियेस 'बूट होणें' म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःस वर उचलावें, या अशक्य कल्पनेवरून तो शब्द आला. आपल्या न्यायशास्त्रांत ज्यास आत्माश्रय दोष म्हणतात, तोच हा : कार्डावरचें वाचावयास वाचणारा हवा, आणि तो वाचणारा तर कार्डावरच आहे ! हा दोष टाळण्यासाठीं यंत्रांतील एका चिपेंत, वीज गेली तरी न पुसणारें असें थोडें ज्ञान आधींच भरून ठेविलेलें असतें. १९८१ सालच्या आय. बी. एम. संगणकांत त्यास बायोस म्हणत. तें डिस्कवरील पहिला ५१२ बाइटांचा तुकडा उचली आणि पुढील सूत्रें त्याच्या हातीं देई. हल्लींच्या यंत्रांत यूईएफआय नांवाची पद्धति असते. ती ठराविक विभागांत ठराविक फाइल शोधते. ती फाइल कर्नलास, म्हणजे गाभ्यास, जागा करिते. कर्नलाच्या सोबत आरंभापुरत्या साधनांची एक शिदोरी असते. तिच्या बळावर तो आपला मूळ विभाग शोधून काढतो, आणि मग सारा संसार उभा राहतो. एकानें दुसऱ्यास हात द्यावा अशी ही परंपरा आहे.

आमचा धागा पहिल्याच गांठीशीं तुटला होता. सुरू करतांना ठराविक कळ दाबली म्हणजे चिपेस दिसणाऱ्या साधनांची यादी पडद्यावर येते. तींत कार्डाचें नांवच नव्हतें. आतां दोष कार्डाचा, लॅपटॉपाचा, कीं मधल्या वाटेचा ? तर्कशास्त्रांत कारण ठरविण्यासाठीं अन्वय आणि व्यतिरेक सांगितले आहेत : जें असतां कार्य घडतें तो अन्वय, जें नसतां घडत नाहीं तो व्यतिरेक. यांतील मर्म असें कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि बाकीचें सारें जसेंच्या तसें ठेवावें. आम्हीं तेंच कार्ड यूएसबीच्या कार्ड-रीडरांत घालून त्याच लॅपटॉपास लाविलें. यादींत नांव आलें, आणि लिनक्स सुरू झाला ! म्हणजे कार्ड निर्दोष, लॅपटॉपहि निर्दोष. अडचण केवळ त्या खांचेची.

तिचें कारण असें. कांहीं लॅपटॉपांत ही खांच आंतून यूएसबीच्याच मार्गानें जोडलेली असते. तेथें कार्डावरून आरंभ होऊं शकतो. दुसऱ्या कांहींत ती पीसीआय एक्सप्रेस या निराळ्या मार्गावर असते, आणि चिपेंतील ज्ञानास पुष्कळदां त्या खांचेची भाषा अवगत नसते. ती भाषा लिनक्सास येते. पण लिनक्स तर कार्डांत! पेटीची किल्ली पेटींतच राहावी, तसा हा प्रकार.

रीडर लावूनच काम चालविलें असतें. परंतु तो बाहेर लोंबे, आणि हाताचा धक्का लागतांच चालतें काम जागींच अडे. म्हणून मैत्रिणीच्या संगणकावर आरंभाचा भाग, म्हणजे ती पहिली फाइल, कर्नल आणि त्याची शिदोरी, एका जुन्या पेन ड्राइव्हवर उतरविला. किल्ली पेटीबाहेर काढली. मूळ विभाग कार्डावरच ठेवून कार्ड पुन्हां खांचेंत बसविलें.

या वेळीं पडद्यावर ओळींमागून ओळी धांवल्या आणि एकाएकीं थांबल्या : 'एसडीबी२' हा विभाग अस्तित्वांत नाहीं. मी भाचीकडे पाहिलें. ती म्हणाली, "मामा, मघां पहिलीच पायरी लागत नव्हती. आतां कर्नल आला, शिदोरीहि उघडली. फक्त घर सांपडत नाहीं." आठ दिवसांपूर्वीं 'जाऊं द्या' म्हणणारी ती हीच मुलगी !

शिदोरींतल्या साधनांनीं तिनें जोडलेल्या वस्तूंची यादी मागविली. कार्ड तेथें होतें. परंतु 'एमएमसीबीएलके०पी२' या नांवानें. लिनक्सांत हीं नांवें वस्तूच्या मार्गावरून आणि क्रमावरून पडतात. यूएसबीच्या वाटेनें आलेल्या कार्डास जें नांव होतें, तें खांचेच्या वाटेनें आल्यावर उरलें नाहीं. भाडेकरूनें बिऱ्हाड बदललें, पण पत्रावर पत्ता मात्र जुनाच राहिला. तिनें आरंभींच्या यादींत 'ई' ही कळ दाबून ती ओळ त्या वेळेपुरती बदलली. पडदा उजळला आणि लिनक्स उभा राहिला. मग कायमची दुरुस्ती करतांना मात्र मार्गावरून पडलेलें नांव न घालतां यूयूआयडी घातला. हा प्रत्येक विभागाचा स्वतःचा लांबलचक ओळख-क्रमांक होय. खांच बदलली तरी तो बदलत नाहीं.

लॅपटॉप पूर्वीपेक्षां मंद चालतो, पण लिहिण्यास अडत नाहीं. मुदतीपूर्वीं दोन दिवस प्रकल्प सादर झाला. त्यानंतर भाचीनें आपण होऊन, गेल्या वर्षींच्या उत्तरपत्रिकेची जपून ठेविलेली छायाप्रत बाहेर काढली. आजवर ती तिनें उघडूनहि पाहिली नव्हती. एका प्रकरणापलीकडे तिची मांडणी ठीक होती. सारे गुण गेले होते ते त्या एकाच प्रकरणांत. 'मला हा विषय येत नाहीं' हें वाक्य तिनें पुन्हां उच्चारलें नाहीं. तेवढें प्रकरण घेऊन ती रोज माझ्याकडे बसूं लागली. परीक्षा झाली आहे. निकाल लागावयाचा आहे.

असा प्रयोग कोणास करावयाचा असल्यास दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मेमरी कार्ड वारंवार लिहिल्यानें झिजतें. म्हणून महत्त्वाच्या लेखनाची प्रत दुसरीकडे असावीच. आणि जवळ एक वही ठेवून काय बदललें, त्यावर पडद्यावर कोणती ओळ आली, हें क्रमानें लिहीत जावें. पुढची पायरी बहुधा त्या वहींतच सांपडते. वस्तु असो वा मूल असो, 'यांत राम नाहीं' हें म्हणण्यास क्षणहि लागत नाहीं. परंतु तें म्हणण्यापूर्वीं अशा तपासणीस एखादी सायंकाळ द्यावी, एवढीच वडीलधाऱ्यांस माझी विनंति आहे.