पुढच्या खेपेला

इतवारीतले आमच्या आजोबांचे लुगड्यांचे दुकान बेताचेच. पण त्या गादीवर लोडाला टेकून मंडळींनी किती जणांना मंत्री केले असेल, त्याला गणती नाही. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. खरी झुंज तिकीटवाटपातच उरकून जाई. मतदार बिचारा शिक्का मारण्यापुरता!

चार आण्यांचे सभासदत्व, अंगावर खादी, मग मोहल्ला, शहर, प्रांत, या पायऱ्या सर्वांनाच दिसत. चढायला मात्र वरून कुणाचा तरी हात यावा लागे. चांद्याचे मारोतराव कन्नमवार हे आमच्या गादीचे दैवत. गरिबीतला, बेताच्या शिक्षणाचा हा माणूस चळवळीतून प्रांतिक अध्यक्षपदापर्यंत आणि तिथून मंत्रिपदाला पोचला. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि कन्नमवार मुख्यमंत्री झाले. आजोबांनी गिऱ्हाइकांना पेढे वाटले म्हणे, उधारीवाल्यांनासुद्धा!

मला विचाराल तर त्या निवडीत कर्तबगारीइतकाच हिशेबही असावा. त्याच वर्षी नागपूरने वेगळ्या विदर्भाच्या बापूजी अण्यांना अपक्ष म्हणून लोकसभेवर धाडले होते. रुसलेल्या विदर्भाला पंक्तीत मानाचा पाट देणे आलेच. वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, कन्नमवार गेले. डिसेंबरात वसंतराव नाईक आले, तेही विदर्भाचेच, ते १९७५ पर्यंत राहिले. वरची जागा अकरा वर्षे हलली नाही, तर खालच्यांनी सरकायचे कुठे?

आजोबांचे एक कोष्टी स्नेही असेच खालच्या पायरीवर थांबलेले. सभेच्या सतरंज्या त्यांनी अंथरायच्या, मतदारांच्या चिठ्ठ्या त्यांनीच लिहायच्या. तिकिटाचे विचारले की उत्तर ठरलेले : "पुढच्या खेपेला." १९६७ ची खेप गेली, १९७२ ची आली. पक्ष सोडून जावे, तर बाहेर होतेच काय? इकडे घरचा माग धूळ खात पडला.

आजी सांगे, एकदा त्यांची बायको दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. म्हणाली, "शेठजी, यायले काही सांगा ना. तिकीट नाही भेटत तं नाही भेटो, मागावर बसा म्हना."

आजोबा "सांगतो" म्हणाले. आणि त्याच रात्री त्यांनी स्नेह्यांच्या हातावर मुंबईच्या गाडीभाड्याचे पैसे ठेवले.