तिरंगा टोमॅटो

मे २०२० मधली गोष्ट. टाळेबंदीमुळे आम्ही हेब्बाळच्या घरात अडकून पडलो होतो. एके दिवशी नारायणगावहून धाकट्या भावाचा फोन आला, “ताई, टोमॅटोवर तिरंगा आलाय. दोन एकर हातचे गेले.”

फळ एकसारखे लाल होतच नव्हते. एकाच टोमॅटोवर लाल, पिवळे, हिरवे डाग, आणि कापले तर आतून काळपट. व्यापारी क्रेट बघून माल परत पाठवत होते. तोडणीची मजुरीही सुटेना. त्यातच मोबाइलवर अफवा उठली की, हे टोमॅटो खाल्ले तर माणसालाही रोग होतो. करोनाच्या त्या दिवसांत लोकांना ती लगेच पटली. इथे हेब्बाळमध्ये आमच्या शेजारच्या काकूंनीही सारूतून टोमॅटो काढून नुसती चिंच घालायला सुरुवात केली! वास्तविक झाडांचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. शास्त्रज्ञ तसे सांगत होते, पण भाव पडायचा तो पडलाच.

योगायोग असा की, महाराष्ट्रातल्या त्या फळांचे नमुने तपासायला आले ते आमच्याच बंगळूरला, हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत. त्यात प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. तो पसरवतो मावा.

इकडच्या शेतकऱ्यांचा जुना वैरी मात्र वेगळा. आपण ज्याला बोकड्या किंवा पर्णगुच्छ म्हणतो, तो काकूंच्या कानडीत ‘एले मुदुरु रोग’. पाने आक्रसतात, झाड खुजे राहते, फळ धरत नाही. हा विषाणू वाहून नेते पांढरी माशी. १९९९ मध्ये कोलारच्या टोमॅटोवर या माशीची एक नवी, अधिक उपद्रवी जात आढळली. काकूंचे माहेर कोलारकडचेच. त्यांनी ते दिवस पाहिले आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने पुढे या रोगाला दाद न देणारे नंदी, संक्रांती, वैभव हे वाण दिले.

मी हे सारे भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “ताई, पण माझा रोग दुसरा ना?” खरेच होते. एका विषाणूला टिकणारा वाण दुसऱ्यालाही टिकेलच असे नाही. आणि एकदा लागण झाली की कुठलेही औषध झाड बरे करत नाही. फवारणी होते ती किडीवर.

पुढच्या हंगामात त्याने रोपे नायलॉनच्या जाळीखाली वाढवली, शेताच्या कडेने मका लावला. रोगट झाड दिसले की भावजय स्वतः उपटून पुरायची. टोमॅटो मात्र एकाच एकरात होता. दुसऱ्या एकरात तिने हट्टाने झेंडू लावून घेतला.