आरशाची जागा

जुना कॅमेरा विकायचा म्हणून मी मागे शहरातल्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने तो हातात घेतला, लेन्स काढून आत डोकावून पाहिले, आरशावरच्या धुळीवर हलकी फुंकर मारली आणि कॅमेरा पुन्हा माझ्यासमोर ठेवला. "ठेवलाय चांगला, सर. पण आता याला गिऱ्हाईक नाही. आरशाचा जमाना गेला." त्याने सांगितलेली किंमत इतकी किरकोळ होती की ती घेण्यापेक्षा कॅमेरा पिशवीत घालून घरी आणणे अधिक सन्मानाचे वाटले. तो आता कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, एका घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. दुकानदाराचे वाक्य मात्र डब्यात ठेवता आले नाही.

माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत. एक २००९ साली घेतलेला, बारा मेगापिक्सेलचा डीएसएलआर. दुसरा २०२१ मध्ये घेतलेला, चोवीस मेगापिक्सेलचा, बिनआरशाचा, म्हणजे ज्याला सगळे मिररलेस म्हणतात तो. कंपन्यांची नावे इथे महत्त्वाची नाहीत. दोन्ही आपापल्या काळातले मध्यम किमतीचे, नोकरदाराला हप्त्याने परवडणारे. दोन्हींकडून मी एकच काम घेत आलो आहे. गावोगावच्या देवळांच्या आवारात, पारांवर, शेताच्या बांधांवर उभ्या असलेल्या वीरगळांचे आणि सतीशिळांचे फोटो काढणे. वीरगळ हा खालून वर वाचायचा मजकूर आहे. सर्वांत खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर, तिच्यावर युद्ध, त्याहून वर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत, आणि शेवटी तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्रसूर्य किंवा कलश. आपल्याकडच्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नसते. क्वचित कुठे दोन चौकटींमधल्या पट्टीवर ओळ-दीड ओळ कोरलेली सापडते आणि मग तो दिवस साजरा होतो.

कॅमेऱ्यांची तुलना करणारे लोक एका सेकंदात किती फोटो निघतात, पळणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यावर फोकस कसा चिकटून राहतो, याविषयी फार बोलतात. मला त्याचे कधी अगत्य नव्हते. दगड काही पळून जात नाही, असे मी तेव्हा म्हणत असे.

आरशाच्या कॅमेऱ्याची रचना खरे तर मोठी प्रामाणिक आहे. लेन्समधून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर एका दुधी काचेवर जातो, आणि पंचकोनी लोलकातून फिरून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर पडतो. ३५ मि.मी. फिल्मसाठी ही युक्ती जर्मनीतल्या 'किने एक्झाक्टा'ने १९३६ साली रुळवली. त्यात वरून खाली पाहावे लागे आणि चित्र डावे-उजवे उलटे दिसे. १९४९ च्या 'काँटॅक्स एस'मध्ये लोलक आला आणि जग सरळ झाले. तरी एक अडचण उरलीच होती. उचललेला आरसा आपणहून खाली येत नसे, त्यामुळे पुढच्या फोटोची तयारी करेपर्यंत डोळ्यासमोर काळोखच. १९५४ मध्ये जपानच्या 'असाहीफ्लेक्स टू-बी'ने आरसा तत्क्षणी परत आणला आणि १९५९ च्या 'निकॉन एफ'ने या साऱ्या सोयी एका दणकट पेटीत एकत्र केल्या. पुढे फिल्मच्या जागी सेन्सर आला. आरशाची खोली होती तशीच राहिली.

म्हणजे काळोख कमी कमी होत गेल्याचा हा इतिहास आहे. पण तो संपला मात्र नाही. आरसा वर असतानाचा तो निमिष कितीही आखूड केला तरी उरतोच, आणि फोटो नेमका त्याच निमिषात निघतो. आरशाच्या कॅमेऱ्याने काढलेला एकही क्षण फोटोग्राफरने त्या खिडकीतून पाहिलेला नसतो. त्याने आधीचे पाहिलेले असते आणि नंतरचे पाहिलेले असते. आठवणी लिहिणाऱ्यांना ही अवस्था अपरिचित नसावी.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरने बनवलेले चित्र एका चिमुकल्या पडद्यावर उमटते. डोळा लावायचा तो त्या पडद्याला. २००८ साली पॅनासॉनिकच्या 'जी-वन'ने ही जात सुरू केली, २०१३ मध्ये सोनीने तिच्यात ३५ मि.मी. फिल्मच्या आकाराचा सेन्सर बसवला, आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन हे दोघे जुने मातब्बर मोठ्या सेन्सरसह याच वाटेवर आले. मी २००९ साली जुना कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा वारस आधीच जन्मलेला होता. मला पत्ता नव्हता, इतकेच.

नव्या कॅमेऱ्याला पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मी नाराज झालो. समोरचा काळा दगड मला दिसत नव्हता, दगडाचे चित्र दिसत होते. रंगाची तजवीज ढगाळ हवेसाठी केलेली असेल तर साऱ्या जगावर हळद पडल्यासारखी दिसे. उजेड कमी धरला की भर दुपारी संध्याकाळ होई. वर्गात मूळ संहिता उघडायला सांगावी आणि मुलांनी टीपा-प्रस्तावनेसह छापलेली संपादित प्रत उघडून बसावे, तसे काहीसे. संपादकाने काय गाळले, काय उजळ केले, हे कळण्याआधीच वाचन होऊन गेलेले. मी हे सगळीकडे सांगत सुटलो. माझ्या बोलण्यात थोडा अहंकार होता हे आता कळते. जुन्या वस्तूशी एकनिष्ठ राहण्यात फुकटचे मोठेपण मिळते.

जुन्या लेन्सचे काय करायचे हा प्रश्न होताच. त्यासाठी एक जोडनळी मिळते. तिची गोष्ट मला आवडते. लेन्स ज्या कड्यावर बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉनच्या जुन्या मांडणीत ४६.५ मि.मी. होते, नव्या मांडणीत ते १६ मि.मी. झाले. कॅननमध्ये ४४ चे २० झाले. हे जे अंतर वाचले ती आरशाच्या हालचालीला लागणारी जागा. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायची तर ते अंतर परत द्यावे लागते, म्हणून ही नळी. तिच्यात काच नाही, भिंग नाही, आतून ती पोकळ आहे. आरसा जिथे असायचा तेवढी हवा धरून ठेवण्याचे काम ती करते. माझ्या जुन्या ५० मि.मी. लेन्सच्या पोटात मोटर नाही, तिला फिरवणारी मोटर जुन्या कॅमेऱ्यात होती. त्यामुळे नळीवर ती बसते, पण फोकस हातानेच फिरवावा लागतो. मला त्याचा त्रास वाटत नाही.

आता ज्यामुळे हे लिहावेसे वाटले ते सांगतो.

२०१० च्या हिवाळ्यात मी आणि सर कोल्हापूर भागातल्या एका खेड्यात गेलो होतो. सर म्हणजे शाळेत मला इतिहास शिकवणारे माझे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांना दगड वाचण्याचा नाद लागला आणि मला त्यांचा. सर दगडाला खडू फासू देत नसत, दगड खरवडतो म्हणून. ओल्या फडक्याने पुसायचे, पाणी सुकत आले की तिरप्या उजेडात अक्षराच्या खाचा दिसतात तेव्हा बोटाने चाचपायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. अक्षर लागले नाही तर त्याचा आकार काढून ठेवायचे. कॅमेऱ्याकडे ते पाहतही नसत. "तुझा तो डबा," म्हणत.

त्या दिवशी ठरवलेले काम संपले होते. परतीची एस.टी. साडेसहाची. थांब्याकडे चालताना एका मोडक्या देवळामागे, निवडुंगात, आणखी एक वीरगळ दिसला. आणि त्याच्या मधल्या पट्टीवर दीड ओळ होती. उजेड जेमतेम पंधरा मिनिटांचा. सरांनी वही काढली, मग घड्याळ पाहिले. ट्रायपॉड मी बांधून टाकला होता, म्हणून लेन्स पूर्ण उघडून हातातच धरून फोटो घेतले. खिडकीतून अक्षरे स्पष्ट दिसत होती. मागच्या पडद्यावर पाहिले, तिथेही बरी दिसली. सरांनी वही परत पिशवीत टाकली. "फोटो आलाय ना? मग घरी निवांत वाचू." माझ्या कॅमेऱ्यावर त्यांनी टाकलेला तो पहिला विश्वास.

घरी संगणकावर पाहिले तर पट्टीच्या मागची निवडुंगाची काटेरी कड सुरेख, धारदार आली होती. पट्टी मऊ होती. अक्षरे होती, पण कापसातून पाहावीत तशी.

असे का होते ते मला नंतर समजले. आरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाशाला तीन मुक्काम असतात. एक वाट वर डोळ्याकडे, एक आरशाच्या अर्धपारदर्शक मध्यातून मागच्या छोट्या आरशावर आणि तिथून कॅमेऱ्याच्या तळाशी फोकस मोजणाऱ्या यंत्राकडे, आणि आरसा उठला की तिसरी सेन्सरकडे. तिन्ही अंतरे तंतोतंत सारखी हवीत. त्यांतले एक केसभर जरी चुकले तरी डोळ्याला स्पष्ट दिसते, यंत्र होकार देते आणि नोंद मात्र भलत्याच ठिकाणची होते. लेन्सचे तोंड बारीक ठेवले असते तर चूक झाकली गेली असती. पूर्ण उघड्या लेन्सला क्षमा नसते. पडद्यावरचे चित्र मी मोठे करून पाहिले नाही, हा दोष तर सर्वस्वी माझा.

सर रागावले नाहीत. "पुन्हा जाऊ." मग त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, माझी बदली झाली. जायला २०१३ उजाडले. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. वीरगळ नव्या भिंतीत सिमेंटने पक्का बसवलेला, आणि आपादमस्तक ऑइलपेंट. वीर निळा, घोडा पांढरा, अप्सरा गुलाबी. पट्टीवर चंदेरी रंगाचा इतका जाड थर की खाचा भरून गेल्या होत्या. गावकऱ्यांनी हे भक्तीनेच केलेले, निवडुंगातून देवाला बाहेर काढले म्हणून त्यांना आनंद होता. आम्हांला चहा दिला. सरांनी पट्टीवरून बोट फिरवले, दोनदा फिरवले, आणि चहा घेतला. २०१६ मध्ये सर गेले. त्यांच्या वहीत त्या गावाच्या नावाखाली एक कोरे पान आहे.

त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यात "वस्तूच दिसते" असे म्हणताना माझी जीभ अडखळते. वस्तू दिसली होती. मी जे पाहिले ते आणि जे नोंदले गेले ते, या दोहोंमध्ये आरशाएवढी जागा होती आणि त्या जागेत दीड ओळ पडली. नव्या कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच ठरतो. जे नोंदले जाणार तेच डोळ्यापुढे असते, हवे तर दसपट मोठे करून. चूक होतच नाही असे नाही, पण ती लपून राहत नाही. तिन्हीसांजेच्या अंधारात त्याच्या पडद्याला माझ्या डोळ्यांहून अधिक दिसते. सेन्सर हाताची थरथर सावरून घेतो. कीर्तन चालू असताना मंडपात त्याचा आवाज होत नाही. जुन्याच्या 'खटाक्'ने माना वळत. लेन्स बदलताना उघड्या सेन्सरवर धूळ बसते आणि बॅटरी दुपारीच मान टाकते, या त्याच्या खोडी. पण त्या सांभाळून घेता येतात. त्या संध्याकाळी तो असता तर, हा विचार मी फार वेळ करत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची आली होती. मराठी घेऊन एम.ए. करते आहे. तिला दुसऱ्या एका गावचा, अजून उघड्यावर उभा असलेला वीरगळ दाखवायला नेले. दोन्ही कॅमेरे घेतले होते. सकाळी साडेसातचे ऊन दगडाच्या कडेने घसरत होते. मी नवा कॅमेरा तिपाईवर चढवेपर्यंत तिने जुना उचलून डोळ्याला लावला.

"मामा, हा चालू कुठून करायचा?"

"का? दिसत नाही का काही?"

"दिसतंय ना. म्हणजे... सगळंच दिसतंय. पण बटण तर बंदवर आहे."

मी म्हटले, "त्याला दिसायला चालू करावं लागत नाही." ती हसली आणि कॅमेरा बंदच ठेवून बराच वेळ पाहत राहिली. आधी दगड, मग देवळाचा कळस, मग मी. फोटो एकही घेतला नाही.

मग नव्याकडे वळलो. नळीवर जुनी लेन्स चढवली, पट्टीवरचे पहिले अक्षर पडद्यावर मोठे केले आणि कडा धारदार होईपर्यंत लेन्स हलक्या हाताने फिरवली. भाचीने डोळा लावला. "हा 'स' आहे की 'म'?" मी सांगितले, "खिडकीतून नको सांगूस. बोट लावून बघ." तिने ओल्या फडक्याने पट्टी पुसली, बोट फिरवले, पुन्हा पडद्यात पाहिले, पुन्हा बोट फिरवले. "'स'च आहे. डावीकडे खाच आहे, फोटोत ती सावलीत जातेय." पिशवीतून वही काढून तिने तो लिहून घेतला. चौथे अक्षर लागले नाही, त्याचा आकार काढून ठेवला. हे तिला मी सांगितले नव्हते.

पहिली ओळ पुरी झाली तोवर ऊन दगडावरून सरकले. वरच्या दोन चौकटी आणि उरलेली अर्धी ओळ राहिली आहे. संक्रांतीच्या आधी पुन्हा जायचे आहे. देवळाच्या आवारात वाळूचा एक ढीग येऊन पडला आहे, तो कशासाठी ते मी अजून कुणाला विचारलेले नाही.