तळघरांतील तुळस

गेल्या वर्षींच्या मार्गशीर्षांत आमच्या घरची तुळस गेली, आणि तिच्या जाण्याचा दोष सर्वस्वीं माझा होता, हें आरंभींच सांगून टाकतों.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वीं मी मिशिगन राज्यांतील ॲन आर्बर या गांवीं चिरंजिवांकडे राहावयास आलों. सूनबाईंनीं तेथें एक तुळस जोपासली होती. उन्हाळ्यांत ती मागील अंगणांत असे. थंडी पडली कीं तळघरांत एका दिव्याखालीं जेमतेम जीव धरून राही. मला हें रुचलें नाहीं. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तराला तुळस आणि तळघर हीं दोन पदें एका वाक्यांत बसवितां येईनात. "तिला सूर्य दिसला पाहिजे," असें म्हणून मीं ती दिवाणखान्याच्या दक्षिणेकडील खिडकींत आणविली. वडील माणसाचा शब्द म्हणून कोणी मोडला नाहीं.

परंतु त्या अक्षांशावर डिसेंबरांतला दिवस अवघा ९ तासांचा, आणि तेवढा वेळहि सूर्य बहुधा ढगांआड. तुळशीला ५० अंश फॅरेनहाइटच्या खालचा गारवा सोसत नाहीं. रात्रीं काचेलगत पारा त्याच्याहि खालीं उतरे. प्रथम काचेला टेकलेलीं पानें काळवंडलीं, आणि पंधरा दिवसांत नुसत्या काटक्या उरल्या. सूनबाई मला एक अक्षर बोलल्या नाहींत. वाळलेल्या मंजिऱ्या तेवढ्या त्यांनीं कागदाच्या पुडींत बांधून ठेविल्या. त्यांच्या न बोलण्याचेंच मला अधिक लागलें.

वसंतांत त्या पुडींतील बियांचीं तीन रोपें झालीं. तेव्हां यंदाच्या हिवाळ्याची व्यवस्था मीं आपण होऊन मागून घेतली.

पहिली चूक दिव्यांतच झाली. जांभळा प्रकाश देणारा एक स्वस्त दिवा मीं मागविला. खोक्यावर ठळक अक्षरांत '१००० वॅट' छापलेलें. नातवानें वीज मोजण्याचें लहानसें यंत्र मध्यें जोडून पाहिलें, तों आंकडा ९६! "आजोबा, बाकीचे कुठें गेले?" असें त्यानें विचारलें, मजजवळ उत्तर नव्हतें. दिवा परत केला आणि मुलाजवळ धडे घ्यावयास बसलों. त्यांतून एक गोष्ट उमगली. दिव्यावर जे ल्युमेन लिहिलेले असतात तें माप माणसाच्या डोळ्याचें आहे, आणि आपला डोळा हिरव्या रंगाला अधिक मानतो. झाडाचें अन्न ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींवर शिजतें, त्यांत तांबड्या व निळ्याचा वांटा मोठा. शिवाय ज्या उजेडांत आपण सुखानें पोथी वाचतों तो जेमतेम ५०० लक्स. भर दुपारचें ऊन १,००,००० च्या घरांतलें. खिडकींतली तुळस 'उजेडांत' होती, पण उपाशी होती. शेवटीं ४ फूट लांबीचे, ४० वॅटचे दोन साधे पांढरे एलईडी दिवे घेतले आणि शेंड्यापासून वीतभर वर सांखळीनें टांगले. रोप वाढलें कीं सांखळीची एक कडी कमी करावयाची.

राहिला गारवा. तळघराच्या भिंती सिमेंटच्या, भोंवतीं माती; तेथील उष्णतामापक ऐन थंडींत ५६ अंश दाखवी. एका गृहस्थांनीं सोडियमचा मोठा दिवा सुचविला. कां, तर ऊबहि मिळेल. परंतु दिवा कोणत्याहि जातीचा असो, त्यांत जळलेली वीज अखेर उष्णताच होऊन बसते. ८० वॅटची ऊब आमच्याजवळ होतीच. ती निसटूं न देणें एवढेंच काम होतें. मी कांचेच्या तंतूंची गादी भिंतीला लावणार होतों. मुलानें अडविलें, थंड सिमेंटाला ती चिकटली कीं आंत दंव धरतें आणि बुरशी येते. म्हणून आपल्या थर्माकोलाच्याच कुळांतले, पण अधिक घट्ट असे १ इंच जाडीचे तक्ते आणून ४ फूट लांब, २ फूट रुंद, ५ फूट उंच अशी पेटी केली. तळाशींहि तक्ता घातला. थंड जमिनीवर टेकलेली कुंडी मुळापासून गारठते. पेटीचें सर्वांग ७६ चौरस फूट. तक्त्याचा उष्णतारोध ५ धरला, तर आंतबाहेर एका अंशाच्या फरकाला ताशीं १५ बी.टी.यू. निसटतात, दिवे देतात २७३. भागाकार १८, म्हणजे पेटींत ७४ अंश! प्रत्यक्षांत ६९ भरले. दमटपणा कोंडूं नये म्हणून लहान पंखा बसवून दोन भोंकें पाडलीं होतीं. पांच अंश बहुधा त्यांनींच खाल्ले.

हे तक्ते उघडे ठेवणें मात्र धोक्याचें. पेटले तर धूर विषारी होतो. म्हणून दोन्ही बाजूंनीं जिप्समचे तक्ते ठोकले. आंतून चकचकीत चांदीचा कागद लावावा असा नातवाचा हट्ट होता. मीं साधा पांढरा रंग दिला, तोहि पडलेला बहुतेक प्रकाश परत फेंकतो.

दिवे १६ तास, सायंकाळीं ६ ते सकाळीं १० पर्यंत. रात्रीं तळघर अधिक गारठतें, तेव्हांच ऊब हवी. अशा रीतीनें आमच्या तुळशीची रात्र भर दुपारीं होते. हा अधर्म मीं पत्करला आहे. महिन्याला वीज ३८ युनिटें लागते.

कार्तिकांत तुळशीचें लग्न तळघरांतच लाविलें. डोक्यावरून पाण्याचा नळ गेलेला, म्हणून मंगलाष्टकें मीं मान वांकवून म्हटलीं. अंतरपाट दूर होतो न होतो तोंच सहा वाजले आणि दिवे आपोआप लागले. नातवाला तें फार आवडलें.

आतां मार्गशीर्ष संपत आला आहे. परवां सकाळीं सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन खालीं आल्या, पेटीचें दार उघडून बराच वेळ वांकून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा, पंखा जरा मंद करा. मंजिरी फार हलतेय."