मास्टर पीस कुठला धरायचा?

प्रिय पिंट्या,

खोकं पोचलं. यंत्र मागवलंस तू, पत्ता दिलास यमुनानगरचा, आणि वर फोनवर म्हणालास, "कॅसेटी तुझ्याकडेच आहेत ताई, तूच बघ, तुझं कामच आहे ते." काम माझंच आहे, खरं आहे. चाकणला आमच्या कारखान्यात आलेला माल माझ्या टेबलावरून पुढे सरकतो. पण तिथे हातात ड्रॉइंग असतं, टॉलरन्स असतो, आणि शंका आली तर ताडून बघायला कपाटात कुलूपबंद ठेवलेला मास्टर पीस असतो. तुझ्या यंत्राबरोबर आलाय एक चिटोरा, त्यावर दोन बाण आणि तीन चुकीची स्पेलिंगं. आणि तुझा प्रश्न काय, तर "ओरिजिनलसारखं आहे का?"

आधी हे यंत्र आहे काय ते सांगते. टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटी चालवणारी नवी यंत्रं ढोबळ मानाने तीन जातींची असतात. पहिल्या जातीत निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉममधल्या चिपांचं काम एकाच चिपेत कोंबलेलं असतं. दुसरी जात म्हणजे आतून छोटा कॉम्प्युटर. तो कॅसेटमधला मजकूर आधी स्वतःकडे उतरवून घेतो आणि मग सॉफ्टवेअरवर खेळ चालवतो. तिसरी एफपीजीएची, म्हणजे हवी तशी जुळवता येणारी चिप घेऊन तिच्यात जुन्या सर्किटचं वागणं उभं करायचं. २०१६ चं एव्हीएस किंवा २०१७ चं ॲनालॉग एनटी मिनी ही या जातीची. ती महाग असतात आणि बाहेरून मागवावी लागतात. तुझ्या यंत्राचे खालचे स्क्रू काढून पाहिलं. बोर्डवर मधोमध एपॉक्सीचा काळा ठिपका, बाकी मोकळं मैदान. पहिली जात.

लगेच तोंड वाकडं करू नकोस. आपल्या कॅसेटींना हीच जात मानवते. फॅमिकॉमला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी ३२ किलोबाइटच दिसतो. अख्खा मारिओ चित्रांसकट ४० किलोबाइटमध्ये बसला, ३२ प्रोग्रामचे आणि ८ चित्रांचे. त्याहून मोठा खेळ, किंवा एका कॅसेटमध्ये अनेक खेळ बसवायचे, तर कोणता भाग कधी समोर आणायचा हे ठरवणारं वेगळं सर्किट कॅसेटमध्येच लागतं. त्याला मॅपर म्हणतात. आपल्या "९९९९ इन १" कॅसेटींचे मॅपर ज्याने त्याने आपल्या मनाने केलेले, कुठल्या कागदावर नसलेले. दुसऱ्या जातीच्या यंत्राला आधी तो मॅपर ओळखावा लागतो. नाही ओळखला तर किंमत कितीही असो, यंत्र ढिम्म. पहिल्या जातीचं यंत्र ओळखपाळख विचारतच नाही. ६० पिना कॅसेटच्या पट्ट्यांना लागल्या की काम सुरू. (अमेरिकन कॅसेट ७२ पिनांची. तसली कुठे मिळाली तर कन्व्हर्टर घे, जबरदस्तीने खुपसू नकोस.) आपल्या सगळ्या कॅसेटी चालल्या, "९९९९" वालीसुद्धा. मोजून खरे खेळ किती ते तुलाही माहीत आहे. बाकी सगळे तेच खेळ, कुठे मधल्या लेव्हलपासून, कुठे जास्तीचे जीव देऊन.

आता तुझ्या "ओरिजिनल"कडे येते. पिंट्या, आपल्याकडे ओरिजिनल होतं कधी? बाबांनी पिंपरी कॅम्पातून आणलेला टीव्ही गेम ही फॅमिकॉमची नक्कलच होती, आणि यमुनानगरात ज्यांच्या ज्यांच्या घरी होता त्या सगळ्यांचा तसलाच. दुसरं होणारही काय होतं? १९९५ मध्ये शॉ वॉलेसने सेगाचं मेगा ड्राइव्ह भारतात रीतसर विकायला आणलं, कारण थेट आयात केलं तर ८० टक्के कर. तरी किंमत १८,००० रुपये. त्या वर्षी भोसरीतल्या कामगाराने १८,०००ला पोरांचं खेळणं घेतलं असतं, तर घरात त्याच्याशी कोण बोललं असतं? म्हणून लिटिल मास्टर आणि त्याच्यासारखी नकली यंत्रं घराघरांत गेली. हे फक्त आपलंच नाही. रशियात १९९२ च्या शेवटी डेंडी नावाची नक्कल निघाली, पोलंडमध्ये पेगासस होतं. तिथल्या पोरांनीही निन्टेन्डोचं नाव नंतर ऐकलं, मारिओ आधी खेळला.

ही कहाणी सांगतेय कारण तपासणी इथेच अडते. समोरचा पीस कशाशी ताडायचा? जपानच्या यंत्राशी, की आपल्या टीव्हीखाली होतं त्याच्याशी? दोन्ही एक नाहीत, आणि ते नुसत्या स्टॉपवॉचने सिद्ध करता येतं.

मारिओच्या पहिल्या लेव्हलला काही न दाबता त्याला जागेवर उभा ठेव. वरचा टाइम ४०० पासून उतरत जातो आणि १०० ला पोचला की गाणं एकदम धावायला लागतं. हा टाइम सेकंदांचा नाही. पडद्यावर २४ चित्रं होऊन गेली की एक आकडा उतरतो. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढतं, म्हणजे ३०० आकडे उतरायला दोन मिनिटं. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. तिथे त्याच ३०० आकड्यांना दोन मिनिटं चोवीस सेकंद. आपण लहानपणी खेळलो तो मारिओ जपानी पोरांच्या मारिओपेक्षा सहाव्या हिश्शाने हळू पळत होता.

या सावकाश चालण्यामागचं डोकं तैवानचं. निन्टेन्डोने युरोपच्या पाल टीव्हींसाठी यंत्र काढलं तेव्हा प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झवरून १.६६ वर आणला आणि चित्राच्या ओळींचं गणितही बदललं. जपानसाठी लिहिलेले कितीतरी खेळ त्यावर वाकडे चालायचे. तैवानच्या यूएमसीने नकलेसाठी चिपा केल्या, त्यात वेग १.७७ ठेवला आणि टीव्हीला हव्या असलेल्या जास्तीच्या ओळी चित्र संपल्यावर मोकळ्या सोडून दिल्या. जपानी खेळ न मोडता चालला, फक्त सावकाश. सुरांची पट्टी जवळजवळ तीच राहिली, ताल तेवढा सैल झाला. आजच्या चांगल्या इम्युलेटरांमध्ये (जुन्या यंत्राचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर) जपानच्या एनटीएससी आणि आपल्या पाल यांच्या जोडीला "डेंडी" असा तिसरा पर्याय असतो, तो हाच. म्हणजे नकलेचा वेग आता स्वतःचं नाव घेऊन यादीत बसलाय. मला हे वाचून फार बरं वाटलं.

तुझं यंत्र दोन मिनिटांत १०० वर आलं. जपानी मास्टरने पास. तू मात्र पहिल्या खड्ड्यात पडशील, कारण तुझे अंगठे दोन मिनिटं चोवीस सेकंदांवर शिकलेत.

आवाजाचा निकाल नेमका उलटा. फॅमिकॉमची मुख्य धून वाजवणारे दोन चौकोनी लहरींचे आवाज असतात. लहर किती वेळ वर राहते, २५ टक्के की ५० टक्के, यावर आवाज किनरा की भरदार ते ठरतं. अनेक नकली चिपांमध्ये हे दोन पर्याय आपसात बदललेले होते. सूर तोच, गळा वेगळा. मी एका कानाला फोनवरचा इम्युलेटर आणि दुसऱ्या कानाला तुझं यंत्र लावून तोच खेळ ऐकला. यात तीच जुनी अदलाबदल जशीच्या तशी आहे. तेव्हा वेग जपानचा, गळा पिंपरी कॅम्पाचा. आमच्याकडे असा पीस आला असता तर मी सप्लायरला फोन लावला असता. इथे मला हसू आलं, कारण कॉन्ट्रा सुरू झाला आणि आवाज बरोबर वाटला. जपानी यंत्राचं रेकॉर्डिंग ऐकलं की मला तेच चुकीचं वाटतं.

म्हणून माझं मत असं की या यंत्राला तुझ्या आठवणीवर तोलू नकोस. तुझी पोरं पहिल्यांदा जे खेळतील तोच त्यांचा मास्टर. त्यांच्यासाठी तपासायचं ते एवढंच, की बटण दाबलं की मारिओ उडतो का, आणि शॉक तर बसत नाही ना.

पहिलं आधी. यंत्राची एचडीएमआय वायर लावली तर मारिओ ताणून बुटका-जाडा दिसतो, कारण चित्र जुन्या चौकोनी पडद्यासाठी केलेलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ कर. फोनचा कॅमेरा २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवून अंगठा आणि पडदा एकत्र टिपले. बटण दबल्यावर मारिओ हलेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजता येतं. बराच उशीर दिसला, पण टीव्हीचा गेम मोड चालू केल्यावर निम्म्याहून जास्त गेला. म्हणजे दोष यंत्राचा कमी, टीव्हीचा जास्त. कॉन्ट्रात गोळ्यांची गर्दी झाली की काही गोळ्या लुकलुकतात, त्याला नाव ठेवू नकोस. मूळ यंत्र एका ओळीत आठच हलती चित्रं काढू शकतं, लुकलुक तिथलीच आहे.

बंदूक मात्र पेटीतच राहू दे. डक हंटमध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला डोळा ठीक त्याच क्षणी उजेड शोधतो. चित्रनळीचा टीव्ही तो क्षण पाळतो. सपाट टीव्ही चित्र आधी चाळतो, मग दाखवतो, तोवर वेळ गेलेली असते. डबा टीव्ही शोधायला कुदळवाडीला जाईन म्हणशील, तर तेही राहिलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली भंगाराची गोदामं जमीनदोस्त केली. आपला टीव्ही आईने त्याच्या कितीतरी आधी भंगारात घातला होता. तू बंदूक काचेला टेकवून बदकं मारायचास, त्याचे ओरखडे होते त्यावर.

आता शॉकचं. बरोबर आलेला ॲडॉप्टर मी बाजूला काढलाय, पाठवणार नाही. व्हिडिओ गेमच्या यंत्रांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, ॲडॉप्टरही त्यात येतात, आणि लेबलवर आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. यावर क्रमांक नाही, वजनाला कागदासारखा, आणि अर्ध्या तासात हात लावू नये इतका तापला. यंत्र पाच व्होल्टचं आहे, चांगल्या कंपनीचा फोनचा यूएसबी चार्जर चालतो. जुन्या टीव्ही गेमचा ॲडॉप्टर तुझ्याकडे असेल तर चुकूनही लावू नकोस. तसले नऊ-दहा व्होल्टचे असतात आणि बऱ्याचदा मधली पिन उणे असते. एका सेकंदात काळ्या ठिपक्याचा धूर होईल.

स्लॉट घट्ट आहे. कॅसेट तिरपी काढू नका, सरळ ओढा. काही कॅसेटींचे बोर्ड जाड आहेत, व्हर्नियरने पाहिले. त्या फार वेळा घातल्या की पिना फाकतात आणि मग पातळ कॅसेट लागत नाही. जाडवाल्यांवर लाल ठिपका लावलाय, त्या कमी खेळा. आणि फुंकर मारायची नाही! फुंकर मारल्यावर चालायची ती काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पट्ट्या काळ्या पडतात. लाइनवर वापरतो त्या आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सगळ्या पुसल्यात. कापडावर जे निघालं ते बघितलं असतंस तर आईचा शब्द खरा मानला असतास, की ही पोरं खेळतात कमी आणि थुंकतात जास्त.

रिमोटचे रबर बरे आहेत, वायर आखूड आहे. आत भरून दिलेल्या शेकडो खेळांबद्दल मी काही लिहीत नाही. यंत्राची नक्कल करणं आता कुणाला अडवता येत नाही, पेटंटची वीस वर्षं कधीच सरली. खेळ मात्र आजही कुणाच्या तरी मालकीचे आहेत, आणि त्या यादीत त्यांचा एक रुपया नाही. कॅसेटी काय फार सोवळ्या होत्या असं नाही. तुझं तू ठरव.

तर शेरा असा: अंडर डेव्हिएशन पास. ॲडॉप्टर रिजेक्ट, बंदूक लागू नाही, वेग आणि आवाज नोंद करून स्वीकारले. बाबांनी गुरुवारच्या सुट्टीला एक डाव टाकला. पहिल्या चालत्या मशरूमलाच धडकले आणि म्हणाले, "हे जोरात चाललंय." स्टॉपवॉच नव्हतं त्यांच्या हातात.

खोकं शनिवारी वाळूजच्या गाडीने तुझ्याकडे पाठवते, ड्रायव्हरचा नंबर व्हॉट्सॲपवर टाकते. कॅसेटी सगळ्या आत आहेत, सर्कसची सोडून. ती माझी होती, माझ्या वाढदिवसाची, आणि या विषयावर मी आईसमोरही बोलायला तयार आहे.

तुझी,
ताई