शून्य बाकी

विहारात भेटणारी मंडळी हल्ली जयभीम झाला की लगेच विचारतात, "काय हो, तुमचा समुद्र बरा आहे ना?" समुद्र म्हणजे आमच्या कन्येची दोन फुटी काचेची टाकी. 2015 साली नूतनीकरण होऊन उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय आम्ही तिला दाखवले, तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. त्या दिवसापासूनचा हट्ट तिने बी.एस्सी.ला गेल्यावर शिकवण्यांच्या पैशांतून पुरा केला. टाकीत सुमारे 70 लिटर पाणी, लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने खास मीठ, दोन क्लाउन मासे, काही गोगलगायी आणि बटणासारखे मऊ प्रवाळ. दगडी प्रवाळ घरात येणार नाहीत, हे तिने आधीच बजावले होते. 2001 पासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. खालचे खडकही कृत्रिमच घेतले.

तीन-चार महिन्यांनी वाळूवर तपकिरी डाग दिसू लागले. मग खडकांवरून शेंबडासारखे तंतू लोंबू लागले, त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले. सकाळी जरा कमी, दिवे लागले की दुपारपर्यंत पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "पाणी घाण झालंय, बदला." वर फॉस्फेट शोषून घेणारे दाणे दिले. कन्या म्हणाली, "पप्पा, तपासलं मी. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. घाण कुठाय?" आम्ही पडलो बी.कॉम. खात्यात शून्य बाकी निघाली की आम्हाला बरे वाटते. पाण्यात शून्य म्हणजे काय, याचा विचार कोण करतो?

पुढच्या आठवड्यात ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेली. जाताना म्हणाली, "टाकीला हात लावू नका." आम्ही लावला. नळीने तपकिरी थर ओढून काढला, खडक ब्रशने घासले, अर्धे पाणी बदलले आणि दुकानदाराचे दाणे टाकले. टाकी लखलखीत झाली. शेजारच्या ताईंना बोलावून दाखवली. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा तपकिरी, आधीपेक्षा दाट, आणि गोगलगायी वाळूवर उलट्या पडू लागल्या. कन्या आली ती खांद्यावरची बॅग न काढताच टाकीपुढे उभी राहिली. मेलेल्या नऊ गोगलगायी एकेक करून तिने वर्तमानपत्रावर मांडल्या. आम्हाला एक शब्द बोलली नाही, बोलली ती आईशी. वीस वर्षे आम्ही सभांतून 'मुलींना शिकवा' सांगत आलो. शिकलेल्या मुलीने घरात सांगितलेले ऐकायचे मात्र राहून गेले होते.

तिने त्या तंतूंचे पाणी बाटलीत घेऊन खळखळ हलवले, पातळ रुमालातून गाळले आणि उजेडात ठेवले. तासाभरात विखुरलेले कण पुन्हा एकमेकांना चिकटून तंतू झाले. साध्या शेवाळाचे असे होत नाही. कॉलेजातल्या मॅडमनी सूक्ष्मदर्शक वापरू दिला. थेंबाच्या आकाराच्या पेशी, टोकाला दोरीने बांधल्यासारख्या गरगर फिरत होत्या. डायनोफ्लॅजेलेट, त्यातला ऑस्ट्रिऑप्सिस. हा विषारी असतो, खाणारी गोगलगाय मरते. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोव्हाच्या किनाऱ्यावर याच्या उद्रेकाने सुमारे 200 माणसे आजारी पडली होती. पण प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला पोसणारे जीवही डायनोफ्लॅजेलेटच, आणि किनाऱ्यावर रात्री कधी लाटा निळ्या चमकतात तेही याच घराण्यातले. कुळावरून पारख करू नये, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होते.

कारण ऐकून मात्र आम्ही गप्प झालो. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट उरले नाही की साधे शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात, जागा मोकळी होते आणि ती हा बळकावतो. कोऱ्या कृत्रिम खडकांवर त्याला अडवणारे आधीच कोणी नव्हते. जे थोडे होते त्यांच्या तोंडचा घास आमच्या दाण्यांनी काढला. महाडच्या सत्याग्रहानंतर 1927 साली चवदार तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून ते 'शुद्ध' करणारे निघाले होते. पाणी शुद्ध करण्याची तसली हौस आमच्याही हाताला असावी, याची लाज वाटली.

मग सारे उलटे सुरू झाले. पाणी बदलणे बंद, दाणे बाहेर. उलट नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून पाण्यात घालायचे. दहा लाख भागांत नायट्रेट 10 आणि फॉस्फेट 0.1 ठेवायचे ठरले. फॉस्फेट संध्याकाळी घालावे तर सकाळी गायब, कोरे खडक ते पिऊन टाकत. रोज तपासणी, रोज वहीत नोंद. वही आमच्याकडे आली, कारकुनाला दुसरे काय देणार? हा प्राणी रात्री खडक सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून पंपाला अतिनील दिवा जोडला. तो आमच्या पगारातून आला, दंड म्हणा. तीन दिवस दिवे बंद करून टाकीवर चादर टाकली. प्रवाळ आक्रसले, पण तगले. तिच्या मैत्रिणीने आपल्या जुन्या टाकीतली मूठभर ओली वाळू दिली, तीत इतर जीव भरपूर. मध्ये दोनदा तपकिरी थर परत आला, आणि आम्ही चादरीकडे बघत नुसते बसलो.

सातव्या आठवड्यात काचेवर हिरवट पापुद्रा दिसला. आम्ही सवयीने फडके शोधू लागलो, तर कन्या ओरडली, "पप्पा, राहू द्या! तेच हवंय."

नव्या पाच गोगलगायी आणल्या, त्या रात्री आम्ही दोघेही उशिरापर्यंत टाकीपुढे होतो. साडेअकराला त्यातली एक काचेवर चढली आणि हिरवे खाऊ लागली. वही अजून आमच्याकडे आहे. टाकीत हात घालायचा तर विचारावे लागते.