अंगठा बघायला

कादंबरी आवडली नाही तर मी ती खुशाल अर्ध्यावर टाकते. आत्मचरित्र मात्र टाकवत नाही. भाषा सुमार असो, पहिली पन्नास पानं कुळाच्या गौरवात गेलेली असोत, 'माझा परदेश प्रवास' हे प्रकरण पुढे वाढून ठेवलेलं असो, मी शेवटचं पान गाठतेच. समोरचं माणूस बोलत असताना उठून जायचं कसं, असा एक संकोच वाटतो.

हा संकोच आजीचा. तिला मोतीबिंदू झाला, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मी तिला 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाचून दाखवायचे. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड त्यात सुरुवातीलाच येतं. किराणा धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, मीठसुद्धा! मी हसून लोळायचे. आजीही हसायची, पण मग विचारायची, "पाणी कोण आणत होतं ते बघ, पुढं दिलंय का." आमच्या बारामतीच्या घरातलं सोवळं तिनंच निस्तरलं होतं, त्यामुळे विनोद संपला की ती थेट हंड्या-कळशांच्या हिशेबावर यायची. पुढे १८९५ साली लक्ष्मीबाईंचे पती टिळक ख्रिस्ती झाले, नवराबायकोची ताटातूट झाली आणि पाच वर्षांनी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. तो भाग आजीनं काही न बोलता ऐकला. अधूनमधून विचारायची ते एवढंच, "आता कुठं राहतीये ती?" लक्ष्मीबाई १९३६ सालीच गेल्या, हे मी तिला सांगितलं होतं. तरी प्रश्न वर्तमानकाळातच यायचा.

आत्मचरित्र वाचणाऱ्यांचे दोन तट असतात, हे मला वाचनालयात कळलं. सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं. आमच्या वाचनालयातली प्रत माझ्या हाती पडेपर्यंत तिच्या समासांत पेन्सिलीची लढाई जुंपलेली होती. एकानं 'भाईंवर अन्याय' असं लिहिलेलं. त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'घरी विचारा, मग बोला.' त्याहीखाली तिसऱ्या कुणीतरी, बहुधा ग्रंथपालानंच, 'पुस्तकात लिहू नये.' भाई, म्हणजे सुनीताबाईंचे पती पु. ल., तेव्हा हयात होते आणि लोकांना नेमकं तेच खटकत होतं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या, तेव्हा त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. लक्ष्मीबाईंचं पुस्तकही टिळकांच्या माघारी आलं. गेलेल्या माणसाविषयी लिहिलं की त्या आठवणी होतात; शेजारच्या खोलीत वाचत बसलेल्या नवऱ्याविषयी लिहिलं की चारचौघांत भांडण होतं. मी तेव्हाही समासातल्या दुसऱ्या अक्षराच्या बाजूची होते, आजही आहे.

मग नोकरी लागली, साताऱ्याला. माहेरी बारामतीला जाताना एसटी फलटणला थांबायची. फलटण म्हणजे माझ्या लेखी चहा आणि स्वच्छतागृह. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचल्यावर मात्र ते गाव मला नुसतं चहाचं राहिलं नाही. या बाईंचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून त्यांना वाचायची गोडी लागली. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी महारवाड्यातल्या बायकांचं जगणं लिहून काढलं आणि ते नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. गाडी स्टँडात शिरली की मी खिडकीतून रस्त्यावरची किराणा दुकानं न्याहाळायचे. गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात एखादी बाई मान खाली घालून बसलेली दिसली, की ती हिशेबच करतेय कशावरून, असं वाटायचं.

पुस्तक वाचलं की लेखकाला भेटावंसं वाटतं, ही इच्छा मला कधी नीट उलगडली नव्हती. त्यानं सगळं सांगून टाकलेलं असतं. आता भेटून विचारायचं काय? शिवाय भेटायचं कुणाला, हाही प्रश्नच. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये तो आधीच करून ठेवला आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. १९७८ साली ते वाचून कुणी त्यांच्या घरी गेलं असेल, तर दार उघडणाऱ्याला त्यानं काय म्हणून हाक मारली असेल? हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' तर बोलून सांगितलेलं, ते शब्दांत उतरवलं अरुण साधूंनी. पुस्तक १९७० साली आलं आणि पुढच्याच वर्षी बाई गेल्या.

मला उत्तर मिळालं ते माण तालुक्यातल्या एका गावी. तिथल्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला एक निवृत्त शिक्षक बोलायला आले होते. त्यांनी आपलं लहानपण स्वतःच्या खर्चानं छापलं होतं. नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल. पुस्तकाचा गाभा १९७२चा दुष्काळ. आई रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामावर खडी फोडते, वाटपाची सुकडी पदरात बांधून आणते, आणि हा पोरगा शाळा बुडवून तिच्याशेजारी बसतो. एक दिवस घण त्याच्या डाव्या अंगठ्यावर बसतो. तेवढं एक पान फार ताकदीचं आहे. आई अंगठ्याला चिंधी बांधते, पण हजेरी कापली जाईल म्हणून जागेवरून उठत नाही. एका हातानं पोराचा हात धरून दुसऱ्या हातानं फोडत राहते.

भाषण झाल्यावर सही घ्यायच्या निमित्तानं मी पुढे गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि मग डावा हात आपणहून माझ्यासमोर धरला. नख नव्हतं. त्या जागी चिंचोक्यासारखं काळपट, टणक काहीतरी होतं. "सगळे हाच बघतात," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती.

तेव्हा लक्षात आलं की मी काही विचारायला गेलेच नव्हते. त्या पानावर मी ज्याला दुपारच्या उन्हात सोडून आले होते, तो तिथून सुटला की नाही, एवढंच मला बघायचं होतं. तो सुटला होता, नोकरी करून निवृत्त झाला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि चहात साखर नको म्हणत होता. आजीचं "आता कुठं राहतीये ती" याच जातीचं होतं.

एवढ्यावर मी खूश होऊन परतले असते. पण भाषणात गुरुजींनी बैल विकल्याचा प्रसंग सांगितला, तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला होता, "त्यो बैल आपला कुठला? मामांचा हुता." सभा हसली. गुरुजीही हसले आणि त्यांनी बैल पुन्हा विकला. बोलणाऱ्या बाई त्यांच्या पत्नी. पुस्तकात त्या एका परिच्छेदात नवरी होऊन येतात आणि 'माझ्या संसाराला तिची मोलाची साथ लाभली' एवढ्यावर आटोपतात. चहाच्या वेळी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. सासूचा तो चिंधी बांधणारा हात गुरुजींनी लिहिला. पण त्याच सासूची अंथरुणातली शेवटची सात वर्षं कुणी निभावली, ते पुस्तकात नाही. सांगताना त्यांचा सूर एवढा सपाट, की मला कपबशी खाली ठेवावी लागली.

"तुम्ही लिहा की," मी म्हटलं.

"हे हायती अजून," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघून पदर सारखा केला.

मी त्यांना 'जिणं आमुचं' पाठवून दिलं. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी फोन आला. आधी पावसाचं, मग कडब्याच्या भावाचं, मग नातीच्या बारावीचं झालं. पुस्तक वाचलं का, हे विचारायचा मला धीर होईना. फोन ठेवता ठेवता त्यांनीच आवाज उतरवून विचारलं, "त्या बाईनं लिवलेलं ठिवलं कुटं हुतं, त्ये कुटं दिलंय का हो?"